मुकी पकड

दोन हजार बारा साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो, आणि माझ्या मैदानावर बाईमाणूस उभं राहिलेलं मला चालत नव्हतं.

मैदान माझं म्हणजे काही बापाची जहागीर नव्हे. नवागामच्या चाळींमागे एक मोकळी जागा होती. तिच्यातल्या काचा वेचून, माती चाळून, पाणी मारून ती मी कबड्डीजोगी केली. खानदेशातून सुरतेला आलेली, कापड विणणाऱ्या लूमच्या खात्यात बारा-बारा तास उभी राहणारी पोरं रविवारी तिथे खेळायची. मी त्यांचा उस्ताद. पोरं मला आबा म्हणत.

वानखेडेबाई आता नाहीत. त्यांच्यावर एक पुस्तक निघणार आहे. खेळाचं समाजशास्त्र म्हणून एक शास्त्र आहे, त्याचा अभ्यास करणाऱ्यांची एक परिषद आहे, तिथल्या मोठ्या माणसांनी लिहून दिलंय. नातीने मला ते वाचून दाखवलं. त्यात बाई देवघरातल्या समईसारख्या शांत जळताहेत. मी म्हटलं, ही कोण बाई? आमची बाई भांडखोर होती. म्हणून हे मी लिहितो आहे. शाळा चौथीपर्यंत झाली. शुद्धलेखन नातीने तपासलंय, मजकुराला हात लावू दिलेला नाही.

तर बाई पहिल्यांदा आल्या त्या रविवारी रेषेवरून वाद झाला. समोरचा गडी म्हणे मी परत आलो, आमचे म्हणत मेला. आमच्यात कोणी बाद होत नाही. गडी मेला म्हणतात. धरणारा मांडीवर थाप मारून ओरडतो, मारला. मग धरणाऱ्यानेच खाली पडलेल्याला हात देऊन उठवायचं, ही रीत. पुढे त्याच्या बाजूने कोणी मारला की मेलेला जिवंत होऊन पुन्हा आत येतो. रविवारभर हेच, मारला, मेला, उठला. हा 'मारला' शब्द ध्यानात ठेवा.

वाद हातावर आला, हातावरून दगडांवर. कोणीतरी पंचाची शिट्टी त्याच्या तोंडातच हाणली, शिट्टीबरोबर दोन दात बाहेर आले. एक दगड काळ्या छत्रीखाली उभ्या असलेल्या बाईच्या भुवईवर बसला. मी धावलो तो तिची काळजी म्हणून नव्हे. पोलीस येतील म्हणून.

"ए बाई, तू घरी हो."

तिने पदर कपाळावर दाबला होता. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं.

"काय करून राहिले जी तुम्ही?" ती म्हणाली. "आत्ता तर रंग आला, अन् मला घरी धाडता?"

"इथे डोकी फुटतात."

"माझं फुटलं. मग? पुढचा डाव केव्हा?"

अशा आमच्या वानखेडेबाई. यवतमाळकडच्या, इथे एका कॉलेजात शिकवायला. उंच, काळ्यासावळ्या, खांद्याने रुंद. सुती साडी आणि खाली पोरांसारखे कॅनव्हासचे बूट. मी विचारलं बूट कशाला, तर म्हणाल्या, पळायला. इतक्या वर्षांत मी त्यांना पळताना पाहिलं नाही. पर्समध्ये पावडर-कंगवा नाही, फुटाणे. बोलताना एक-एक तोंडात टाकायच्या, पोरांना मूठभर द्यायच्या. वही कधी काढली नाही. मी एकदा टोमणा मारला, मास्तरीणबाई लिहून घेत नाहीत वाटतं. तर म्हणाल्या, "वही काढली की माणूस भाषण करते जी."

त्यांचा एकच प्रश्न होता: मग? तुम्ही काहीही सांगा, बायकोला मारलं सांगा, शेठला शिव्या दिल्या सांगा, बाई फुटाणा चावत म्हणणार, "मग?" त्यात राग नाही, कीव नाही. माणूस आपोआप पुढचं सांगून मोकळा व्हायचा. आणि सांगायच्या-ऐकायच्या त्या कानाशी येऊन. लूमपुढे आयुष्य काढलेल्यांचे कान गेलेले असतात, म्हणून सगळी सुरत आमच्याशी ओरडून बोलते. बाई कधी ओरडल्या नाहीत. जवळ यायच्या. आधी पोरं लाजली, मग सवय झाली.

लग्न केलं नव्हतं की झालं नव्हतं, ते विचारायची माझी छाती झाली नाही. माझ्या घरचीने विचारलं. बाई म्हणाल्या, "राहून गेलं. जसं पोहणं राहून गेलं." आणि ठेच्याबरोबर तिसरी भाकरी घेतली.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आमच्यात दगडू म्हणून एक गडी होता. पाण्याच्या नळावर कोणा पोराने त्याच्या आईचा भरलेला हंडा लाथेने उडवला होता. तोच पोरगा समोरच्या संघातून चढाईला आला. दगडूने घोटा धरला. धरला आणि पिळला. पोराची टाच पुढे आली, बोटं मागे गेली. तो पोरगा जे किंचाळला ते माझ्या कानालासुद्धा ऐकू आलं. नियमात सगळं बसत होतं. पंचाने गडी मेला म्हणून हात वर केला. पोराला टेम्पोत घालून नेलं.

बाई माझ्या कानाशी आल्या.

"आबा, हा ओरडला नाही."

"अख्ख्या नवागामने ऐकलं."

"पडणारा नाही. धरणारा. तुमचा एकेक पोट्टा पकड बसली की मांडी ठोकते, मारला म्हणून नाचते. हा गप्प. हात दिला नाही उठवायला. चड्डीला हात पुसले अन् जागेवर गेला."

मी दगडूकडे पाहिलं.

"मुकी पकड होती ही," बाई म्हणाल्या. "खेळ नव्हता."

शब्द त्यांचा, पण पोरांनी तो उचलला. अजूनही आमच्याकडे कोणी गप्प बसून डाव साधला तर म्हणतात, मुकी पकड केली.

बाईंनी यावर इंग्रजीत लिहिलं आणि परिषदेत वाचलं. टाळ्या पडल्या म्हणे. मग आमच्या ओट्यावर बसून त्याचं मराठी करून मला ऐकवलं. त्यात होतं की या मैदानावर पकड ही कधीकधी शिक्षा असते, आणि नियमाच्या आडून वैर काढलं जातं. मी पुढ्यातली ताटली भिंतीवर फेकली.

"आमच्या घरचं खाऊन आम्हालाच गुंड ठरवलं."

"मुकी पकड झाली की नाही झाली?"

"झाली."

"मग?"

मी त्यांना मैदानबंदी केली. तर त्या मैदानाच्या भिंतीपलीकडे रस्त्यावर भाजीच्या हातगाडीवर उभ्या राहून बघायला लागल्या. कितीतरी रविवार भिंतीवरून नुसती काळी छत्री दिसायची. पोरं तिच्याकडे बघून हसायची. घरची भिंतीवरून चहा पोचवायची, ते मला दिसत नाही असं तिला वाटायचं. पुढे ती भिंत एका ट्रकने मागे घेताना पाडली. मी बाईंना बोलावलं नाही. पण भिंतच नाही तर बंदी कशाची.

आता युवराजचं सांगतो. युवराज माझ्या बहिणीचा मुलगा. बाप लवकर गेला, माझ्याच घरात वाढला. कोपऱ्यातला गडी, पायाची पकड माझ्याकडूनच शिकला. लग्नाला वर्ष झालं होतं, बायकोला दिवस गेले होते. त्या वर्षीच्या स्पर्धेत आमचा शेवटचा सामना इच्छापोरच्या संघाशी पडला. कंपन्यांमध्ये ठेकेदाराकडे लोखंडाची कामं करणारी मराठवाड्याची पोरं ती, अंगाने दगड. त्यांचा चढाईचा गडी संतोष. रेषा ओलांडायच्या आधी माती कपाळाला लावायचा. त्याचा थोरला भाऊ मारुती त्यांच्याच संघात.

संतोष आत आला. युवराजने घोटा धरला, दोघांनी वरून उड्या टाकल्या. संतोषचं डोकं खाली गेलं आणि तिघांचं वजन वर आलं. एवढंच. युवराज उठला, मांडीवर थाप मारली आणि ओरडला, "मारा! मीच मारा त्याले! एक पकडमा मरी ग्या!" अहिराणी त्याच्या तोंडात होतीच, जोश आला की तीच यायची; मारा म्हणजे मारला, मरी ग्या म्हणजे मेला. पब्लिक नाचायला लागलं. मेला, मेला, मेला. शे-दोनशे माणूस टाळ्या पिटत मेला म्हणत होतं, आणि तो खरोखर मेला होता.

मारुतीने येऊन त्याला उताणा केला. मान आली नाही, धडच फिरलं.

मग मांडवाचे बांबू निघाले. खुर्च्या निघाल्या. एकाचा कान अर्धा लोंबत होता आणि तो तसाच मारत होता. माझ्या दोन फासळ्या गेल्या; ज्याने मारलं त्याचे दात मी काढले, त्याचा मला आजही पस्तावा नाही. युवराज मात्र रेषेवर उभाच. हात खाली, तोंड उघडं. येईल तो त्याला मारत होता आणि तो मार चुकवत नव्हता. पडेपर्यंत तसाच उभा होता.

आणि बाई संतोषशेजारी मातीत बसल्या होत्या. त्याच्यावर छत्री उघडी धरून. बांबू छत्रीवर पडत होते, काड्या मोडून कापड त्यांच्या डोक्यावर आलं होतं, तरी उठल्या नाहीत. मला वाटलं डोकं फिरलं. नंतर म्हणाल्या, "त्याला तुडवून राहिले होते जी."

कोणीतरी मोबाईलवर काढलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या सुरतेच्या फोनमध्ये. खेळ त्यात नव्हताच. पाय पसरून पडलेला मुडदा, आणि त्याच्यावर उभा राहून मांडी ठोकत मी मारला म्हणून ओरडणारा माझा भाचा. आमच्या गल्लीच्या तोंडाचा पानवाला, जो त्याला लहानपणापासून गोळ्या द्यायचा, तो मला म्हणाला, "काका, तमारो भाणेज तो राक्षस निकळ्यो." मी त्याचा गल्ला उलटा केला. काय उपयोग. खुनाचा गुन्हा लागला. युवराजचा पोरगा जन्मला तेव्हा बाप लाजपोरच्या जेलात होता.

आणि मारुती. ज्याने स्वतः रविवारी रविवारी मारला-मारला म्हणून मांड्या लाल केल्या असतील, तो कोर्टात उभा राहून म्हणाला, "त्यो म्हनला, म्या मारला. म्या माझ्या कानानं ऐकलं." त्याला खोटारडा म्हणवत नाही. त्याने ऐकलंच होतं.

आमच्या वकिलाने बाईंना साक्षीला बोलवायचं ठरवलं. पण सरकारी वकिलाकडे बाईंचा तो लेख पोचला होता. मैदानावर वैर काढतात म्हणून बाईंनीच लिहिलंय, तेच तो बाईंच्या तोंडून वदवणार. मी बाईंच्या खोलीवर गेलो.

"तुम्ही एवढंच म्हणा, लिहिण्यात चूक झाली."

"चूक नाही झाली आबा."

"तुमचं नाव राहावं म्हणून माझा भाचा सडवणार?"

"माझं नाव मोठं असतं तर मी हातगाडीवर उभी राहिली असती का?" फुटाण्यांची वाटी त्यांनी माझ्याकडे सरकवली. "मुकी पकड खोटी म्हटली, तर युवराजची पकड मुकी नव्हती हे कशाच्या जोरावर सांगू?"

मला ते पटलं नाही. मी वाटी उडवली आणि लाकडी खुर्ची जमिनीवर आपटून तिचे पाय मोडले.

बाईंनी मोडक्या खुर्चीकडे पाहिलं. "दुसरी पण मोडा," म्हणाल्या. "मग खाली बसून बोलू."

मी निघून आलो. जाताना चपलेखाली फुटाणे करकरत होते.

कोर्टात तसंच झालं. सरकारी वकिलाने लेखातलं वाक्य वाचलं आणि विचारलं, हे तुमचंच ना? खरं की खोटं?

"खरं," बाई म्हणाल्या.

मी डोळे मिटले. शेजारी बहीण बसली होती, तिने माझा दंड असा धरला की नखं रुतली. वकील हसून खाली बसायला निघाला.

"बसू नका ना जी," बाई म्हणाल्या. "विचारा ना, मग?"

न्यायाधीशसाहेबांनी मान वर केली. गुजराती गृहस्थ, शांत. त्यांनीच विचारलं की पुढे काय. बाईंनी पदर खोचला आणि साक्षीच्या पिंजऱ्यात साडीवरून मांडीवर अशी थाप मारली की शिपाई दचकला. "मारला," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाल्या. मग शब्द समजावला. साहेब, या लोकांत मेलेला गडी दर रविवारी उठतो. ज्याला खरंच मारायचं असतं तो मांडी ठोकत नाही. तो हात पुसतो.

मग त्यांनी मोबाईलवरचं चित्र पुन्हा लावायला सांगितलं. सगळ्यांनी ते इतक्यांदा पाहिलं होतं. मी पाहिलं होतं. प्रत्येक जण त्या मांडीवरच्या हाताकडे बघत आला होता. बाई म्हणाल्या, दुसरा हात बघा. डावा. चित्र संपायच्या आत युवराजचा डावा हात खाली गेला होता, बोटं पसरून, संतोषच्या तोंडापुढे. उठ म्हणून. तो हात तसाच लटकत राहिला होता, कारण घेणारा नव्हता.

मी मारुतीकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. तो हात त्याने पाहिलाच नाही.

सरकारी वकील चिडला. ती मुकी पकड कोणी केली होती, नाव सांगा म्हणाला. दगडू शेवटच्या बाकावर बसला होता, पांढरा पडला. बाई म्हणाल्या, "नाव नाही देणार. मला तिथे उभं राहू दिलं, ते नाव घेण्यासाठी नाही." साहेबांनी दोनदा दटावलं. "शिक्षा द्या जी," बाई म्हणाल्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुढे चला म्हणाले.

युवराज सुटला. माझ्या लेखी गोष्ट तिथे संपली होती. बाईंच्या लेखी नाही. त्या इच्छापोरला जायला लागल्या, मारुतीच्या खोलीवर. तो दार उघडायचा नाही. त्या बाहेर बसून यायच्या.

"पोरगा सुटला ना बाई. आता कशाला?"

"युवराज सुटला. मारुती कुठे सुटला?" त्या म्हणाल्या. "त्याचा भाऊ वैराने मारला असं धरून बसला तो. खेळात गेलेला भाऊ वेगळा असते आबा. एकदा तरी त्याने तो डावा हात बघायला पाहिजे."

"बघून भाऊ परत येणार आहे?"

"नाही येणार. मग?"

एका दुपारी इच्छापोरहून परत येताना बसथांब्याच्या अलीकडे बाईंच्या डोक्यात मागून लोखंडी गज बसला. एकदा नाही. कवटी फुटली. उजवं अंग गेलं. वाचल्या ते कशा, ते डॉक्टरलाही सांगता येईना. मी दवाखान्यात गेलो तेव्हा डोकं सगळं भादरलेलं, टाक्यांचा रूळ कानापासून कानापर्यंत, अर्धं तोंड खाली ओघळलेलं.

मी विचारलं, "कोण?"

पोलिसांना त्यांनी पडले म्हणून खुणेने सांगितलं होतं. आता कायमच मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागायचा. बऱ्याच वेळाने शब्द आला.

"गप्प... होता."

मी कान आणखी जवळ नेला.

"हात... पुसले."

आणि त्या अर्ध्या तोंडाने हसल्या. आपणच लिहिलेलं आपल्याच डोक्यावर खरं झालं, त्याचं हसू. मला हसू आलं नाही. मी घरी आलो आणि जुन्या लूमचा एक लोखंडी गज कापून आणला, हातभर. मुठीला चिंधी बांधली. खाटेखाली ठेवला. मारुतीशिवाय कोण असणार? त्याचे हात कोपरातून मोडायचे, दोन्ही, एवढं ठरवलं. पोरांना सांगितलं नाही. हे काम माझं.

बाईंना कोणी सांगितलं देव जाणे, बहुतेक घरचीने. दर भेटीला त्या विचारायच्या, "गज?"

"आहे."

"मग?"

त्या 'मग'वर मी टोपी उचलून निघायचो.

त्याच सुमाराला परिषदेचं अधिवेशन सुरतेत भरलं. ही परिषद दोन मान देते. एक विद्वत्तेचा, एक सेवेचा. बाईंना पहिला हवा होता. तोंडाने बोलल्या नव्हत्या, पण दर वर्षी दुसऱ्या कोणाला मिळाला की त्या दिवशी आमच्याकडे येऊन खूप तिखट खायच्या. त्या वर्षी परिषदेचे एक गृहस्थ हार घेऊन दवाखान्यातून घरी आणलेल्या बाईंकडे आले. सेवेचा मान तुम्हाला द्यायचं ठरलंय म्हणाले. समाजासाठी आपण जे सोसलंत, वगैरे.

ते गेल्यावर बाईंनी मला कान जवळ करायला लावला.

"ओटा... झाडला का मी?"

"काय?"

"सेवा म्हणे. सोसलं म्हणे." श्वास घेतला. "अभ्यास केला... म्हणत नाहीत."

मी म्हटलं, नाकारा. मी असतो तर फेकून दिला असता. बाईंनी मान हलवली. त्या जाणार होत्या. का ते मला हॉलमध्ये कळलं.

गार हॉल, गुबगुबीत खुर्च्या. मी धुतलेली टोपी घालून पहिल्या रांगेत. माझ्या पलीकडच्या खुर्चीवर बाईंनी आपली पर्स ठेवली होती. कोणी बसायला आलं तर डाव्या हाताने हाकलायच्या. मी म्हटलं, कोणासाठी? त्या दाराकडे बघत राहिल्या. यवतमाळहून आलेल्या त्यांच्या बहिणीने मला हळूच सांगितलं, इच्छापोरला निरोप धाडलाय.

मी उठून जाणार होतो. ज्याने डोकं फोडलं त्याच्याशेजारी मला बसवणार होत्या. पण तो आलाच नाही. खुर्ची शेवटपर्यंत पर्सनेच धरून ठेवली.

व्यासपीठावर त्यांच्याबद्दल इतकं गोड बोलले की मला वाटलं बाई आधीच गेल्या. मग ढाल हातात दिली आणि माईक पुढे धरला. हॉल रडायच्या तयारीत होता.

बाई म्हणाल्या, "हे सेवेचं... चुकून आलं. मी... अभ्यास करत होते."

काही जण हसले, गंमत समजून. बाई हसल्या नाहीत. दाराकडे एकदा पाहिलं आणि बहिणीच्या खांद्यावर भार टाकून खाली उतरल्या. पायात तेच कॅनव्हासचे बूट, एकाची नाडी सुटलेली.

त्याच संध्याकाळी बाईंची बहीण त्यांना कायमची यवतमाळला घेऊन निघाली. गाडी हॉलच्या फाटकात उभी होती. बाईंनी ढाल खाली पायांपाशी ठेवली, बूट तिच्यावर. मला बोलावलं. मी खिडकीत वाकलो.

"गज?"

"आहे."

"मग?"

मी गाडीच्या चाकाकडे बघत राहिलो. तेव्हा बाईंनी डावा हात उचलला आणि स्वतःच्या मांडीवर थाप मारली. जोर नव्हता, आवाज झाला नाही. मग तोच हात खिडकीतून बाहेर काढला, बोटं पसरून, माझ्या तोंडापुढे. मी अडाणी असेन, पण इतका नाही. पडलेल्या गड्याला देतात तो हात होता. मी धरला. गाडी सुरू झाली, तो हात सुटेपर्यंत मी चार पावलं बरोबर गेलो. मागच्या काचेतून त्यांचं भादरलेलं डोकं दिसलं, सरळ, जणू मैदानाकडे बघताहेत. पुन्हा भेट झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या बसने इच्छापोरला गेलो. गज खाटेखालीच राहू दिला. माफी मागायला गेलो नव्हतो. माफी मागावी असं आमच्याकडून काही झालं नव्हतं. मारुती खोलीबाहेर दात घासत होता. मला पाहिलं, चूळ टाकली, वाकला आणि दाराला टेकलेली वीट उचलली. तोंडातून शब्द नाही. डोळेही गप्प. मी ओळखलं. पाय मागे घ्यायची मला सवय नाही, घेतले नाहीत.

म्हटलं, "बोल."

तो एक पाऊल पुढे आला.

"मारायचं तर ओरडून मार," मी म्हटलं. "आयमायवरून काढ, माझ्या गावावरून काढ. पण गप्प राहू नको."

त्याचा जबडा हलला. पहिली शिवी अडखळत आली. मग दुसरी. मग मराठवाड्यातल्या मला माहीत नसलेल्या शिव्याही आल्या. माझी आई, माझं खानदान, माझं मैदान, युवराजचे दोन्ही हात, वानखेडेबाईंची छत्री, काही सोडलं नाही. आजूबाजूची दारं उघडली. बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या. वीट त्याच्या हातात तशीच होती, पण तोंड चालू होतं. मी टोपी काढून त्याच्या उंबऱ्यावर बसलो, आणि ऐकू यावं म्हणून कान त्याच्याकडे केला.